टाके काढायला न आलेली माणसं

चांदणीबाईंना एक वेळ गार चहा चालायचा, पण खोटा स्टार चालायचा नाही. दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला एवढा ताठा कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ही बाई आधी कितीतरी वर्षं चपलांच्या दुकानात होती, आणि पायाला न बसणारा जोड "वापरून सैल होईल हो" म्हणत गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं तिला कधी जमलं नाही. त्यापायी मालकाशी रोज खटके. डॉक्टरांची नि बाईंची गाठ तिथेच पडली. डॉक्टर बूट घ्यायला आले होते, बूट देखणे होते, पायात घालून त्यांचं आरशात दोनदा बघूनही झालं होतं, आणि बाई म्हणाल्या, "नका घेऊ, टाच सोलून निघेल." डॉक्टर हसले. पुढच्याच आठवड्यात बाई दवाखान्यात रुजू.

डॉक्टर म्हणजे सर्जन. दवाखाना दुमजली. खाली तपासणी, वर चार खोल्या आणि ऑपरेशन थिएटर. माणूस इतका गोड की काय सांगावं. पेशंटच्या पलंगावर टेकायचे, त्याचा हात हातात घ्यायचे आणि असं बोलायचे की अर्धं दुखणं तिथेच उतरावं. पण हल्ली गोड असून भागत नाही. लोक आधी मोबाईलवर स्टार बघतात आणि मग डॉक्टर निवडतात, जसं काही पंखा नाहीतर मिक्सर घ्यायचाय. मग डॉक्टरांनीही काउंटरवर एक टॅब्लेट आणून ठेवला. "बाई, टाके काढायला येतील ना, त्या दिवशी हातात द्या. त्या दिवशी माणूस खुशीत असतं."

बाईंनी ते काम अंगावर घेतलं ते असं की बघणाऱ्याने बघत राहावं. टाके काढून माणूस जिना उतरला की समोर टॅब्लेट. "मनाला पटतील तेवढेच द्या. दोन वाटले तर दोन द्या, मला राग नाही," असं सांगायच्या आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या, म्हणजे देणाऱ्याला भीड पडू नये. हसऱ्यांना द्यायचा आणि कुरकुऱ्यांना टाळायचं, असला दुजाभाव नाही. जिन्यावरून बायकोशी भांडत उतरणाऱ्यालाही टॅब्लेट, आणि "पंख्याचा आवाज येतो" म्हणून रोज डोकं खाणाऱ्या आजोबांनाही टॅब्लेट. म्हणून त्या चांदणीबाई. खरं नाव पगाराच्या पावतीवर असायचं, तिथून बाहेर पडायचं नाही.

एकदा एक टायवाला आला होता. म्हणे स्टार विकत मिळतील, घाऊक, वर आभाराच्या चार ओळीही लिहून देऊ. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे खरे मिळतात. दार तिकडे आहे." ही गोष्ट त्यांनी घरी नवऱ्याला इतक्या वेळा सांगितली की पुढेपुढे "दार तिकडे आहे" तोच आधी म्हणून मोकळा व्हायचा.

तर दवाखान्याला चार पॉइंट नऊ स्टार, आणि त्यातला एकेक खरा. बाईंना त्याचा इतका अभिमान, इतका अभिमान, की नातेवाइकांना वीट आला होता.

बाईंची धाकटी बहीण पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीच्या वेण्या, शाळा, ताप, रुसवे, सगळं ताईनेच काढलं. आता धाकटीचे केस पिकायला लागले होते आणि जीभ कात्रीसारखी चालायची, पण ताईचा शब्द म्हटला की पुढे बोलणं नाही. गेले काही महिने तिला उजव्या कुशीत कळा यायच्या. मशीनवर बसल्या बसल्या वाकून जायची, घामाने भिजायची. तपासलं तर पित्ताशय खड्यांनी भरलेलं. काढून टाकावं लागणार होतं.

"कुठे काढायचं?" धाकटीने विचारलं.

"कुठे म्हणजे? आमच्याकडे," बाई म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी धाकटी वर दोन नंबरच्या खोलीत होती. उपाशी, हाताला सुई, अंगात हिरवा गाऊन. तिचं बारा वाजता होतं. बाई तिच्या उशाशी बसून खाली आल्या, काउंटरवरची धूळ पुसली, तेवढ्यात डॉक्टर आले. स्वारी खुशीत होती.

"बाई, हजाराला अगदी थोडे कमी आहेत हो. उद्या बोर्ड रंगवणारा येतोय, हजार समाधानी पेशंट म्हणून लिहायचंय. असं करा, जे टाके काढायला आलेच नाहीत ना, त्यांना फोन लावा. त्यांचं द्यायचं राहूनच गेलं."

खरंच की. अशी माणसं होती. लांब राहतात, घराजवळच कुठेतरी टाके काढून घेत असतील, असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. बाईंना वाटलं, बरं झालं, वर बघत बसण्यापेक्षा हाताला काम. कॉम्प्युटरवरून एकेक नंबर काढून त्या फोन लावायला लागल्या.

पहिला माणूस हर्नियाचा, ट्रक चालवणारा. "एकदम टकाटक," म्हणाला. "टाके गावातच काढले. आता पोतीसुद्धा उचलतो, डॉक्टरांना सांगू नका." त्याने फोनवर बोलता बोलता पाच स्टार देऊनही टाकले. दुसरीही हर्नियाचीच, तीही मजेत. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

तिसरा फोन एका सुनेने उचलला. तिच्या सासूचं पित्ताशय काढलं होतं.

"टाके काढायला आला नाहीत, म्हणून म्हटलं चौकशी करावी," बाई म्हणाल्या.

"टाके मोठ्या हॉस्पिटलात काढले. दुसऱ्यांदा पोट उघडलं ना, तेव्हा."

बाईंना वाटलं, नंबर चुकला. त्यांनी नाव पुन्हा विचारलं. नाव बरोबर होतं.

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

"अहो, घरी आणल्यावर चार दिवसांत पिवळ्याधमक पडल्या. आत पित्त गळत होतं म्हणे. आता हिंडतात फिरतात. ठेवू का, दूध वर आलंय."

स्टारचं विचारायचं राहिलं. बाईंनी स्वतःची समजूत घातली. शंभरात एखाद्याचं होतंच की असं. आपल्या दुकानात नाही का, कधीतरी चांगल्या कंपनीच्या जोडाचाही तळ उसवून यायचा. असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर लावला.

पुढचा एक नवरा होता. बाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि पलीकडे तो हसला. चांगलं हसणं नव्हतं ते.

"स्टार मागायला फोन केलात? माझ्या बायकोच्या पोटातून नळी काढून पिशवी लावली होती, बाई. दोन महिने ती पिशवी घेऊन हिंडत होती घरात. ह्या कुशीवरून त्या कुशीवर होता येत नव्हतं तिला. किती स्टार देऊ, तुम्हीच सांगा."

"पित्ताशयाचं होतं?" बाईंनी विचारलं.

"मग काय टॉन्सिल?" म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर एक निवृत्त मास्तर. पित्ताशय. बोलणं फार सभ्य. हो, थोडा त्रास झाला, म्हणाले, ताप चढला, दुसरीकडे न्यावं लागलं, पुन्हा ऑपरेशन झालं, आता ठीक आहे. "तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?" बाईंनी विचारलं. मास्तर म्हणाले, "तुमचे डॉक्टर फार चांगले हो. माझा हात धरून बसले होते. त्यांना वाईट वाटेल असं काही लिहायला मन घेईना. म्हटलं, झालं गेलं."

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. आजवर किती हर्निया, किती गाठी, किती मूळव्याधी, सगळे धडधाकट जिना उतरून गेले होते आणि त्यांच्यासमोर टॅब्लेट ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं यंत्र येऊन तर दीडेक वर्षच झालं होतं, ती ऑपरेशनं तेव्हापासूनचीच. पण स्टारवर कुठे लिहिलेलं असतं, हा हर्नियाचा आणि हा पित्ताशयाचा? सगळे एकाच टोपलीत. आणि ज्याचं बिघडलं, तो टाके काढायला त्याच दवाखान्यात कशाला येईल? तो येणार नाही, त्याच्या हातात टॅब्लेट पडणार नाही. एकही स्टार खोटा नव्हता. सगळे खरे होते, बाईंनी स्वतः जमवलेले होते, आणि त्या सगळ्या खऱ्यांनी मिळून एक धडधडीत खोटं उभं केलं होतं.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. वरून नर्सने जिन्यात वाकून सांगितलं, "बाई, भूल देणारे डॉक्टर पोचतायत हं. तुमच्या बहिणीला घेतोच आता."

बाई उठल्या आणि दार न वाजवता डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. हे आजवर कधी झालं नव्हतं. डॉक्टर चहाचा शेवटचा घोट घेत होते.

"डॉक्टर, पित्ताशयाचे किती बिघडले?"

"बिघडले म्हणजे?"

बाईंनी सांगितलं. सासू, पिशवीवाली बाई, मास्तर. डॉक्टरांनी कप खाली ठेवला तो बशीत बसलाच नाही, कलंडला.

"शक्य नाही. अहो, मी रोज सकाळी सगळं वाचतो. एकाने तरी असं लिहिलंय का?"

"लिहिणार कुठून? टॅब्लेट मी टाके काढायच्या दिवशी देते. ते आलेच नाहीत."

"आले नाहीत म्हणजे बरे झाले असतील, असंच धरलं मी."

"मीसुद्धा."

बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं.

"बाई, थोडंफार कुठेही होतं," डॉक्टर म्हणाले. आवाज नेहमीसारखा मऊ होता, पण त्यातला भरवसा गेला होता. "मोठमोठ्या सर्जनांचंही होतं."

"किती होतं? आणि आपल्याकडे किती झालं?"

डॉक्टर लपवत होते असंही नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. रोज सकाळी चहाबरोबर स्टार वाचून त्या माणसाचीही खात्री पटली होती की आपलं सगळं उत्तम चाललंय. हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं आणि त्या मनातून हादरल्या. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"होता. म्हणून तर तिला आणलं."

डॉक्टर उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे. तुमच्या बहिणीला विचारा आणि काय ते लवकर सांगा. माणसं खोळंबलीयत. आणि ते फोन आता बंद करा. नकोत मला हजार."

बाई जिना चढल्या. आता ह्या जिन्याचं काय सांगावं, रोजचाच जिना, पण त्या दिवशी संपता संपेना. दोन नंबरच्या खोलीत धाकटी पलंगावर मांडी घालून बसली होती आणि गाऊनची बाही उलटी करून बघत होती.

"ताई, ही शिवण बघ. डोळे मिटून मारलीये मेल्याने."

"तुझं ऑपरेशन इथे नको करायला," बाई म्हणाल्या.

धाकटीने बाही सोडली. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, पण आता शब्द नीट लागत नव्हते, मध्येच अडखळत होत्या. धाकटी ऐकत होती. तिचा रंग उतरत गेला.

"हे तुला कधी कळलं?"

"आत्ता. तासाभरापूर्वी."

"रोज तिथे बसतेस ना तू? रोज?"

बाई उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "ते स्टार बघून कोणालाही वाटलं असतं गं. तूही बघितलेसच की."

"मी कुठे स्टार बघितले?" धाकटी म्हणाली. ओरडली नाही, आणि तेच जास्त लागलं. "मी मोबाईल उघडलासुद्धा नाही. तू म्हणालीस आमच्याकडे, मी आले. तू म्हणाली असतीस गच्चीवरून उडी मार, तरी कठड्यापर्यंत आलेच असते मी. मला कसले स्टार सांगतेस?"

चपलांच्या दुकानात मालकाने चारचौघांत पाणउतारा केला तेव्हा बाईंच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. आता आलं. त्यांनी ते पदराने पुसलंही नाही.

"मग आता काय करू?" धाकटीने विचारलं. "झोपू का उठू? तूच सांग, अजूनही तूच सांग."

"ऊठ," बाई म्हणाल्या.

नर्सने सुई काढताना तोंड वाकडं केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा घड्याळ. केबिनचं दार बंद होतं. कपडे बदलून दोघी जिना उतरायला लागल्या आणि अर्ध्यावर धाकटीला कळ आली. ती कठड्याला धरून खाली बसली, पायरीवरच. ओठ पांढरे. बाई तिची पाठ चोळत राहिल्या आणि मनातल्या मनात स्वतःला नको नको ते बोलत राहिल्या. उठवून आणलं खरं, पण खडे तर आतच होते. तिला कुठे न्यायचं, हे त्यांना अजून सुचलेलं नव्हतं.

कळ ओसरल्यावर धाकटीने मोबाईल काढला. "हा बघ एक. चार पॉइंट आठ आहेत ह्याला."

"ठेव तो मोबाईल."

"मग काय डोळे मिटून बोट ठेवू कोणावर?"

आणि तिथे, त्या पायरीवर, बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिघडलेली माणसं बरी झाली होती. सासू हिंडत फिरत होती, मास्तर ठीक होते. म्हणजे कोणीतरी त्यांना बरं केलंच होतं ना? धाकटीला धरून त्यांनी काउंटरवर आणलं आणि मास्तरांना पुन्हा फोन लावला. "सर, एकच विचारते. तुम्हाला दुरुस्त कोणी केलं?" मास्तरांनी सांगितलं. मग सुनेला विचारलं. मग धीर करून त्या नवऱ्याला. तो आधी वैतागला, मग बाईंनी खरं कारण सांगितलं तेव्हा थोडा निवळला आणि म्हणाला, "मोठ्या हॉस्पिटलातले ते तुसडे डॉक्टर. माणूस खेकसतो. पण बायको माझी त्यांच्यामुळे आहे." तिघांचं बोट एकाच माणसाकडे होतं.

धाकटीने त्या डॉक्टरांचं नाव मोबाईलवर शोधलं आणि ताईच्या नाकासमोर धरलं. दोन पॉइंट सात. खाली लोकांनी आग ओकली होती. उद्धट आहेत. तीन तास बसवून ठेवलं. आमच्या वडिलांना महिनाभर हॉस्पिटलात कुजवलं. एकदाही धड बोलले नाहीत. बाईंनी सगळं वाचलं, सावकाश, ओळ न् ओळ. नळी, ताप, महिनाभर, दुसरं ऑपरेशन. ह्या माणसाकडे टाके काढून हसत जिना उतरणारे येतच नव्हते. त्याच्याकडे दुसऱ्यांनी फाडलेले येत होते, संतापलेले, थकलेले, आणि तो संताप कोणावर तरी निघणारच होता.

"चल," त्या म्हणाल्या.

"ह्याच्याकडे? शुद्धीवर आहेस ना?"

"माझ्यावर विश्वास नको ठेवूस. त्या तिघांवर ठेव."

तीन तास बसावं लागलं ते मात्र लोकांनी खरं लिहिलं होतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा नंबर लागला. डॉक्टर म्हातारे, दाढी वाढलेली, मान वर न करता रिपोर्ट बघत होते.

"आधी कुठे केलंय?"

"कुठेच नाही," धाकटी म्हणाली.

आता मान वर झाली. "कोणी हात लावला नाही अजून? मग माझ्याकडे कशाला आलात? माझ्याकडे बिघडल्यावर येतात."

"ते आमच्या दवाखान्यातून येतात," बाई म्हणाल्या. "मी तिथे काउंटरवर असते."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बाईंकडे जरा वेळ बघितलं. बाईंनी नजर खाली घेतली नाही. "तुम्ही आमच्या डॉक्टरांना कळवलं का नाही कधी?" त्यांनी विचारलं.

"फाटलेलं शिवायलाच दिवस पुरत नाही मला," ते खेकसले. पण खेकसून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण उघडून मिटून बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "कळवायला हवं होतं." मग धाकटीला चार दिवसांनी उपाशीपोटी यायला सांगितलं. बसा म्हणाले नाहीत, काळजी करू नका म्हणाले नाहीत.

धाकटीचं सगळं सुरळीत झालं, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. टाके काढून आली तेव्हा म्हणाली, "माणूस एकदाही हसला नाही. पण टाके असे घातलेत की मी घालावेत." ताईशी मात्र ती बरेच दिवस तुटकच बोलायची. बाईंनी ते निमूट सोसलं.

पण मधला एक दिवस सांगायचा राहिला. मोठ्या हॉस्पिटलातून परतल्यावर दुसऱ्याच सकाळी बाई कामावर गेल्या. नवरा म्हणाला, आज नको जाऊस, तोंडावर काढून टाकतील. बाई म्हणाल्या, काढू देत, पण मी घरी बसले तर ते फोन कोण करणार?

डॉक्टर आले. बाईंकडे न बघता केबिनमध्ये गेले. बोर्ड रंगवणारा आला, त्याला नर्सने थांबवून ठेवलं, तो डबे घेऊन बाकावर बसला. वर एक नंबरच्या खोलीत एक बाई उपाशी झोपली होती, पित्ताशयाची, अकराची. तिची मुलगी मघाशीच काउंटरवर येऊन हसून म्हणाली होती, "चार पॉइंट नऊ बघूनच आलो आम्ही." त्या मुलीला काय सांगायचं, कुठल्या तोंडाने सांगायचं, हे त्यांना कळेना. कालचे तीन फोन तर डॉक्टरांनी ऐकूनही गिळले होते. मग त्यांनी टॅब्लेट उचलून खणात टाकला, कॉम्प्युटरवर पुढचा नंबर काढला आणि लावला.

एका तरुण पुरुषाचा आवाज आला. बाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याकडे झालं होतं. कशा आहेत त्या, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"आई गेली," तो म्हणाला. "घरी आणलं, मग आजारी पडली, मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला. बरेच महिने झाले आता."

बाईंनी डोळे मिटले.

"तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला. "तुमच्या दवाखान्यातून कोणी विचारेल असं वाटलं होतं तेव्हा. कोणी फोन केला नाही. डॉक्टरांना माहीत तरी आहे का हो?"

केबिनचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, डोक्याला हिरवी टोपी, वर निघाले होते. बाईंच्या हातात फोन बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मी बंद करा म्हणालो होतो ना, बाई?"

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी रिसीव्हर काउंटरवरून पुढे धरला.

"डॉक्टर, तुमच्यासाठी आहे."

"कोण आहे?"

"घ्या."

डॉक्टरांनी रिसीव्हर कानाला लावला आणि आपल्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "हॅलो, बोला ना." तार लांब होती, ती ताणत ते मागे सरकले आणि रंगाऱ्याच्या शेजारी बाकावर बसले, टोपी डोक्यावरच होती. वरून नर्सने दोनदा हाक मारली, अकरा वाजून गेले म्हणून. डॉक्टर उठले नाहीत, ऐकत राहिले.